२५ लिटरचा गीझर, जुन्या जीआय पाइपांवर

ग्लासलाइन (आतून काचेचा थर दिलेल्या) टाकीचा, २ किलोवॅटचा हा गीझर चांगलाच आहे. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरांत त्याचा घात करते ती पाइपलाइन. जुना गीझर काढताना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपातला गंज सुटतो आणि नव्याच्या इनलेट (पाणी आत येण्याच्या) व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो. धार बारीक होते, खापर गीझरवर. म्हणून आधी इनलेटचा पाइप बादलीत सोडा, लाल पाणी थांबल्यावरच जोडा. गरम बाजूला सीपीव्हीसीच (गरम पाण्याला टिकणारा प्लास्टिक पाइप), पितळी आट्यांच्या जोडासह. साधा पीव्हीसी मऊ पडून वाकतो. तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब गळतात, गळू द्या. तिथे बूच ठोकणारा प्लंबर नकोच! बोअरचं पाणी असेल तर टाकीला गंजापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा रॉड दरवर्षी उघडून पाहा. हिवाळ्यात १५ अंशांचं पाणी ६० अंशांवर जायला ४० मिनिटं लागतात.