जुना टॅरो डेक घ्यायचाय: रायडर, मार्सेय की थोथ?

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीने फोटो पाठवला. टॅरो डेकचं, म्हणजे भविष्य बघायच्या पत्त्यांच्या संचाचं, पिवळं खोकं, कोपरे मऊ पडलेले आणि खाली विकणाऱ्याची ओळ: '1971चा दुर्मीळ डेक.' पुढे तिचा प्रश्न, "घेऊ का गं?" मी म्हटलं, आधी खोक्याच्या मागच्या बाजूचा फोटो मागव.

कारण त्या 1971मध्ये काही दम नाही. अमेरिकेतल्या यू. एस. गेम्स सिस्टम्सने रायडर-वेट डेक काढला तेव्हा पत्त्यांच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत 1971चा कॉपीराइट छापला. पुढे वर्षानुवर्षं डेक पुन्हापुन्हा छापले, पण ती ओळ तशीच राहिली. म्हणजे कितीतरी नंतर छापलेला डेकसुद्धा अंगावर 1971 मिरवतो. पिवळ्या खोक्याचंही तेच, ते आजही नवंकोरं मिळतं. मी बघते तो कंपनीचा पोस्टाचा पत्ता. ही मंडळी आधी न्यूयॉर्कला होती, मग कनेक्टिकटमधल्या स्टॅमफर्डला गेली. खोक्यावर किंवा आतल्या पुस्तिकेवर न्यूयॉर्क असेल तर डेक खरंच जुना म्हणायचा. स्टॅमफर्ड असेल तर नव्यापेक्षा एक रुपया जास्त देऊ नये. मैत्रिणीच्या खोक्यावर स्टॅमफर्ड निघालं.

मार्सेयवाले काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. पॅरिसच्या ग्रिमो कंपनीने पॉल मार्तोकडून 1930मध्ये जुन्या फ्रेंच वळणाचा मार्सेय डेक नव्याने करून घेतला. त्यात नाण्यांच्या दुर्रीवर दोन नाण्यांभोवती एक नागमोडी पट्टी आहे, तिच्यावर कंपनीच्या नावाशेजारी 1930 लिहिलंय. पट्टी चित्राचाच भाग, त्यामुळे नंतरच्या छपाईतही 1930 कायम. 'युद्धापूर्वीचा' म्हणून दाखवलेला असा डेक प्लॅस्टिकच्या चकचकीत डबीत आला की मी किंमत न विचारताच पुढे जाते.

आता घ्यायचा कुठला? रायडर-वेटची मूळ छपाई, लंडनचे प्रकाशक विल्यम रायडर अँड सन यांची 1909ची, हा लिलावात जाणाऱ्यांचा विषय, तो बाजूला ठेवू.

रायडरचं सगळं बळ चित्रकार पामेला कोलमन स्मिथच्या रेषेत आहे. 78 पत्ते, त्यांतले 22 मोठे आणि 56 छोटे (नाणी, पेले, तलवारी आणि दंड अशा चार रंगांचे), आणि छोट्यांतल्या प्रत्येकावरही तिने प्रसंग चितारलाय. तलवारींची तिर्री म्हणजे तीन पात्यांनी भोसकलेला बदाम आणि मागे पाऊस. अर्थ सांगायला पुस्तक लागत नाही. डेकची कल्पना मांडणाऱ्या आर्थर वेटचं नाव डेकवर मोठं झालं, स्मिथबाई मात्र 1951मध्ये कॉर्नवॉलमध्ये कर्जात गेल्या. म्हणून मी या डेकला वेट न म्हणता स्मिथचा डेक म्हणते, उगाच आपलं.

मार्सेयमध्ये छोटे पत्ते आपल्या रमीच्या पत्त्यांसारखेच: सात पेले म्हणजे सात पेले, बाकी वेलबुट्टी. भविष्य बघायला बसलेला नवखा इथे हमखास अडकतो. पण हा खेळायच्या पत्त्यांचा वंशज आहे. टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळ म्हणूनच जन्मला, भविष्याचं प्रकरण त्याला अठराव्या शतकात चिकटलं. फ्रान्समध्ये टॅरोचा डाव आजही रंगतो, फक्त त्याचे पत्ते वेगळे असतात. मार्सेय हातात घेतला की मला सावंतवाडीची गंजिफा आठवते. दशावतारी गंजिफेचे 120 गोल पत्ते, दहा अवतारांचे बारा-बारा, तेही खेळायलाच केलेले. ग्रिमोचा सपाट लाल, पिवळा आणि गडद निळा रंग पडद्यावर भडक वाटतो. हातात तसा वाटत नाही.

थोथची चित्रं लेडी फ्रीडा हॅरिसने गूढविद्येतल्या अॅलिस्टर क्रॉली या इंग्रजासाठी 1938 ते 1943 या काळात काढली, आणि दोघंही गेल्यावर 1969मध्ये डेक निघाला. हॅरिसबाईंचा शेवट 1962मध्ये आपल्या श्रीनगरला झाला, हे मला फार उशिरा कळलं. मूळ चित्रं लंडनच्या वॉरबर्ग इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. पहिल्या छपाईचे रंग बेताचे होते. 1977मध्ये चित्रांचे नव्याने फोटो घेऊन छपाई झाली, आणि घ्यायचा तर त्यानंतरचाच घ्यावा. मोठ्या आकाराचा डेक माझ्या हातात मावत नाही, पिसताना निम्मे पत्ते मांडीवर सांडतात.

थोथ मोजताना एक गंमत. हॅरिसने 22 मोठ्या पत्त्यांतल्या जादूगाराची एकाहून जास्त चित्रं केली होती, आणि ऐंशीच्या दशकातल्या स्वित्झर्लंडच्या आवृत्तीत तीन जादूगार घातलेत. म्हणजे 80 पत्ते निघाले तर घाबरू नका. उलट 78 निघाले आणि त्यात जादूगार दोन असले, तर नक्की काहीतरी हरवलंय.

नुसतं मोजून भागत नाही हे मी ठेच लागून शिकले. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी मार्सेय घेतला, 'पूर्ण, 78 पत्ते'. मोजले, 78च भरले. रात्री जमिनीवर रांगा लावून मांडले तेव्हा दंडांची अठ्ठी दोनदा आली आणि पेल्यांची नव्वी गायब. कुणीतरी दोन अर्धवट डेकांचा एक पूर्ण डेक केला होता. दुसरी अठ्ठी पाठीकडून किंचित जास्त पिवळी होती. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून मी घेण्याआधी सगळे पत्ते रंगवार मांडलेला फोटो मागते, आणि पाठींचा वेगळा.

जपणुकीत तिन्ही डेकांचा शत्रू एकच, आपला जुलै. कोरड्या हवेत पन्नास वर्षं सुखाने राहिलेला पुठ्ठा मुंबईच्या दमटपणात महिन्याभरात धनुष्यासारखा वाकतो. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलची पाकिटं आणि दर पंधरा दिवसांनी उघडून नजर टाकणं, एवढं पुरतं. रबरबँड लावला तर कडेला खाच पडते आणि उन्हाळ्यात तो वितळून चिकटतो. डांबरगोळ्यांनी कसर येत नाही खरी, पण तो वास पत्त्यांतून जाता जात नाही. पीव्हीसीची पारदर्शक पाकिटं शाईला चिकटतात, पॉलिप्रॉपिलीनची चालतात. मळ असला तर कोरडा मऊ फडका, आणि पांढऱ्या कडेवर अगदी हलक्या हाताने पांढरं खोडरबर. ओला फडका नको, सॅनिटायझर तर नकोच नको.

आता थोडं अप्रिय. जुन्या डेकवरची 'आधीच्या माणसाची ऊर्जा' काढायला त्याला मिठात पुरून ठेवा, असं बरीच टॅरोवाली मंडळी सांगतात. मीठ हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात आपल्या मिठाच्या बरणीत काय होतं ते आठवा आणि त्यात साठ वर्षांचा पुठ्ठा घालायचा का ते ठरवा. उदबत्तीचा धूरही काजळी धरतो. ज्यांना डेकची दृष्ट काढायचीच आहे त्यांनी लांबून ओवाळावं.

माझं मत विचाराल तर, लोकांना पत्ते वाचून दाखवायचे असतील तर रायडर नवाच घ्या आणि बिनधास्त पिसा. जुन्या रायडरला नावाचे पैसे पडतात, आणि वापराल तसा तो झिजतो. कागद, छपाई, जुनेपणा यांसाठी जीव तुटत असेल तर ग्रिमोचा मार्सेय, अगदी खोकं फाटलेलं असलं तरी. थोथ तेव्हाच घ्या, जेव्हा चित्रांनी आधीच वेड लावलं असेल. 'बघू तरी' म्हणून घेतलेला थोथ कपाटाबाहेर येत नाही, माझा आलेला नाही.

मैत्रिणीने शेवटी मार्सेय घेतला. पत्ते पूर्ण आहेत, आम्ही दोघींनी मांडून पाहिले, पण आधीचा मालक सिगारेट ओढणारा असावा. सध्या डेक माझ्याकडे मोठ्या डब्यात आहे, शेजारी वाटीत खाण्याचा सोडा, पत्त्यांना न लागेल असा. तीन आठवडे झाले. झाकण उघडलं की अजून पानाच्या टपरीसमोर उभं राहिल्यासारखं वाटतं.