‘ग्रेव्ह’ची पुळण आणि संप: एका मोफत फ्रेंच कोशाचे परीक्षण

सिंधुदुर्गात परदेशी पाहुण्यांसाठी फ्रेंच शिकणाऱ्यांनी, आणि शिकवणाऱ्यांनी तर नक्कीच, फ्रान्सच्या ‘सीएनआरटीएल’ या भाषा-साधन केंद्राच्या संकेतस्थळावरील ‘त्रेझोर’ हा फ्रेंच भाषेचा महाकोश हाताशी ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. हा कोश १९७१ ते १९९४ या काळात १६ खंडांत छापला गेला. त्यात सुमारे एक लाख शब्द आणि चार लाखांहून अधिक अवतरणे असूनही तो ऑनलाइन पूर्णपणे मोफत आहे.

त्याची खरी ताकद ‘ग्रेव्ह’ या शब्दावर दिसते. लहान द्विभाषिक कोशांत त्याचे ‘किनारा’ आणि ‘संप’ असे दोन अर्थ शेजारी शेजारी दिलेले असतात, पण त्यांचे नाते कळत नाही. येथे व्युत्पत्तीसाठी स्वतंत्र विभाग आहे. मूळ शब्द लॅटिनच्याही आधीचा असून त्याचा अर्थ वाळू-खडी असा होता. त्यावरून समुद्राच्या किंवा नदीच्या सपाट काठाला ग्रेव्ह म्हणू लागले. आपण मालवण-वेंगुर्ल्याकडे जिला पुळण म्हणतो तीही ग्रेव्हच, मात्र ग्रेव्हवर बारीक वाळूबरोबर गोटेही असू शकतात. पॅरिसमध्ये सेन नदीच्या अशाच काठावर, नगरभवनासमोर, ‘प्लास द ग्रेव्ह’ हा चौक होता. तिथे होड्यांतून माल उतरत असे, आणि आपल्याकडे तालुक्याच्या नाक्यावर सकाळी बिगारी उभे राहतात तसे मजूर तिथे कामाच्या आशेने जमत. त्यामुळे ‘ग्रेव्हवर असणे’ म्हणजे आधी कामाची वाट पाहणे, आणि एकोणिसाव्या शतकात मजुरी वाढवून मिळावी म्हणून एकजुटीने काम नाकारणे, असा जवळजवळ उलटा अर्थ रूढ झाला. चिलखतातील नडगीच्या पत्र्यालाही ग्रेव्हच म्हणतात, परंतु त्याचा या चौकाशी संबंध नाही.

मर्यादाही स्पष्ट आहेत. सर्व विवेचन फ्रेंचमध्येच, तेही संक्षेपांनी भरलेले असल्याने पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिक्षकाची मदत लागेल. शिवाय कोशाचा भर एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातील भाषेवर असल्याने अलीकडचे शब्द त्यात सापडत नाहीत. त्यांच्यासाठी फ्रेंच अकादमीच्या कोशाची २०२४ मध्ये पूर्ण झालेली नववी आवृत्ती जोडीला घ्यावी. तीही ऑनलाइन मोफत आहे.