वेळकाढूपणाला ताकीद: एनबीएच्या ऑनलाइन नियमपुस्तकाचे परीक्षण

एनबीएने, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगने, आपले संपूर्ण नियमपुस्तक पंचविभागाच्या संकेतस्थळावर विनामूल्य ठेवले आहे, आणि सामने बारकाईने पाहणाऱ्यांना तसेच शाळा-कॉलेजच्या स्पर्धांत शिट्टी घेऊन उभे राहणाऱ्यांना त्याचा मोठा आधार वाटतो. हे परीक्षण मात्र त्यातील एका छोट्या कलमापुरते मर्यादित आहे: बाराव्या नियमातील, खेळाला विलंब लावण्याविषयीचे कलम. वेळकाढूपणात पंचाच्या अंदाजाला बराच वाव असल्यामुळे नियमपुस्तक प्रत्यक्ष मैदानावर किती उपयोगी पडते, याची खरी परीक्षा अशाच कलमात होते.

मोठ्या वेळकाढूपणाचा बंदोबस्त एनबीएने 1954 मध्येच केला. 1950 साली फोर्ट वेन पिस्टन्सने मिनियापोलिस लेकर्सला 19-18 असे हरवले, कारण चेंडू नुसता हातात धरून बसण्यास कोणतीच आडकाठी नव्हती. पुढे सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांच्या आग्रहाने 24 सेकंदांचे शॉट क्लॉक (चेंडू ताब्यात आल्यावर इतक्या वेळात तो बास्केटकडे फेकलाच पाहिजे, हे मोजणारे घड्याळ) आले आणि ती वाट बंद झाली. आता उरला आहे तो चेंडू खेळात नसतानाचा वेळ, आणि हे कलम त्याच वेळेवर पहारा ठेवते. बास्केट झाल्यावर जाळीतून पडलेल्या चेंडूला हात लावून तो दूर ढकलणे, फाउल किंवा नियमभंग झाल्यावर चेंडू जवळच्या पंचाकडे लगेच न देणे, थ्रो-इन (सीमारेषेबाहेरून चेंडू आत टाकणे) करणाऱ्याच्या हातातून चेंडू सुटण्याआधीच त्याला स्पर्श करणे, बचाव करणाऱ्याने सीमारेषा ओलांडणे, संघाने खेळ सुरूच होऊ न देणे, असे प्रकार त्यात एकामागून एक नोंदवले आहेत. भाषा कोरडी आहे, पण तक्रार करण्याजोगी नाही, आणि त्याच संकेतस्थळावरील चित्रफितींच्या संग्रहाची जोड दिली की नवख्या वाचकालाही प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहतो.

शिक्षेची व्यवस्था अशी आहे: पहिल्या विलंबाला संघाला ताकीद, आणि त्यानंतरच्या प्रत्येक विलंबाला संघाच्या नावावर टेक्निकल फाउल, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला एक फ्री थ्रो (कोणी न अडवता बास्केटवर करायची फेक). येथे नियमपुस्तक जे सांगत नाही ते वाचकाने स्वतः जोडून घ्यावे लागते. ताकीद संपूर्ण संघाला मिळून एकच असल्यामुळे ती जणू खिशातील एक फुकट कूपन ठरते, आणि चाणाक्ष संघ ते योग्य वेळी खर्च करतात. आपली बास्केट झाली आहे, प्रतिस्पर्धी झटपट चेंडू आत टाकून धावण्याच्या तयारीत आहे आणि आपले बचावपटू अजून मागे पोहोचलेले नाहीत, अशा क्षणी चेंडूला नुसता हात लावला की पंच खेळ थांबवतात, ताकीद देतात, आणि तोपर्यंत बचाव नीट उभा राहिलेला असतो. बदल्यात गमावले काय, तर काहीच नाही. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांचे शॉट क्लॉक 14 सेकंदांच्या खाली असेल तर ते 14 वर आणण्याची तरतूद नियमात आहे. परंतु बास्केटनंतरच्या थ्रो-इनला घड्याळ मुळातच पूर्ण 24 वर असते, त्यामुळे या लबाडीपुढे ती तरतूद निरुपयोगी ठरते. माझ्या मते हा कलमाच्या रचनेतलाच दोष आहे. त्याचे खापर पंचांवर फोडणे योग्य नाही.

दुसरा दोष शब्दांचा. चेंडू ‘लगेच’ द्यावा, खेळ ‘तत्परतेने’ सुरू व्हावा, असे म्हणणाऱ्या कलमात सेकंदांचा आकडा नाही. याच पुस्तकात फ्री थ्रोसाठी मात्र स्वच्छ 10 सेकंदांची मुदत आहे, पण आकडा दिला म्हणजे अंमलबजावणी आपोआप होते असेही नाही. 2021 च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेऱ्यांत, मिलवॉकी बक्सच्या यानिस आंतेतोकुम्पोच्या लांबलचक तयारीच्या वेळी प्रेक्षक मोठ्याने आकडे मोजत, आणि तो मुदत ओलांडत असल्याची चर्चा सतत चालू असूनही शिट्टी क्वचितच वाजली. याउलट 2017 मध्ये आलेला एक छोटा नियम मला आदर्श वाटतो: दोन फ्री थ्रोंच्या मधल्या वेळात फेकणारा खेळाडू तीन गुणांच्या रेषेपलीकडे गेला तर तो विलंब धरला जातो. त्यासाठी पंचाला मनात सेकंद मोजावे लागत नाहीत; पाय कुठे आहे एवढेच पाहायचे असते.

चौथ्या क्वार्टरच्या आणि जादा वेळेच्या शेवटच्या दोन मिनिटांत कलम एकदम कडक होते. थ्रो-इनच्या वेळी बचावपटूने सीमारेषा ओलांडली तर ताकिदीची पायरी वगळून थेट टेक्निकल फाउल दिला जातो, आणि ते रास्तच आहे, कारण तेव्हा एका सेकंदालाही किंमत असते. अटीतटीच्या सामन्यांच्या या शेवटच्या दोन मिनिटांतील निर्णय बरोबर होते की चूक, याचा अहवाल एनबीए 2015 पासून प्रसिद्ध करते. पारदर्शकतेचे असे पाऊल फार थोड्या क्रीडासंस्थांनी उचलले आहे. तथापि फुकट ताकिदीचा सगळा खेळ आधीच्या 46 मिनिटांत चालतो आणि तो या अहवालाच्या कक्षेबाहेर राहतो. पंच कोणता विलंब नजरेआड करतात आणि कोणता पकडतात, हे जाणून घ्यायचे असेल तर सामनेच पाहावे लागतात.

महाराष्ट्रातील वाचकांना एक सूचना देणे आवश्यक आहे. ऑक्टोबर 2019 मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे दोन प्रदर्शनीय सामने झाले, तेव्हा हे नियमपुस्तक मुंबईत प्रत्यक्ष लागू झाले होते. आपल्याकडील स्पर्धा मात्र फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनी चालतात, आणि तेथे बरेच काही वेगळे आहे. फ्री थ्रोला 5 सेकंद मिळतात. एका खेळाडूला दिलेली ताकीद त्याच्या संपूर्ण संघाला उरलेल्या सामन्यासाठी लागू होते, पण ती तशाच प्रकारच्या कृतीपुरती असते. एनबीएत कोणताही विलंब दुसऱ्या कोणत्याही विलंबाच्या हिशेबात धरला जातो. शेवटच्या दोन मिनिटांत फिबाचे पंच चेंडू देण्यापूर्वीच हाताच्या खुणेने बचावपटूला सावध करतात, आणि त्यानंतर रेषा ओलांडली की लगेच टेक्निकल फाउल देतात. नवशिक्या पंचाला हीच पद्धत अधिक सोयीची वाटेल, कारण खूण आधीच केलेली असल्यामुळे प्रशिक्षकाला वाद घालण्यास जागा उरत नाही. म्हणून एनबीएचे पुस्तक अवश्य वाचावे, पण जिल्हा स्पर्धेला जाताना सोबत फिबाचेच ठेवावे. तेही फिबाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते.