मालिका आणि रेडिओच्या क्षेत्रात सभासदत्व कोणत्या संघटनेचे घ्यावे?

गोरेगावच्या चित्रनगरीत किंवा मढच्या बंगल्यांत मालिकेच्या कामाला लागलेल्या नवख्या माणसाला ‘कार्ड आहे का?’, म्हणजे संघटनेचे सभासदत्व आहे का, हा प्रश्न फार लवकर विचारला जातो. त्या धांदलीत कोणती संघटना नेमके काय करते याची चौकशी मागे पडते आणि ओळखीचा कोणी सांगेल तिथे प्रवेश शुल्क भरले जाते. माझ्या मते शुल्क भरण्यापूर्वी एक गोष्ट पडताळून पाहावी: मानधन थकले तर ज्याच्याकडे ते मागायचे, तो निर्माता या संघटनेच्या आत आहे की बाहेर? बाहेर असेल तर संघटना त्याच्यासमोर वाटाघाटीला बसू शकते. आत असेल तर ती फार तर मध्यस्थी करते. इंडियन फिल्म अँड टीव्ही प्रोड्यूसर्स कौन्सिल किंवा खासगी एफएम केंद्रांची असोसिएशन ऑफ रेडिओ ऑपरेटर्स फॉर इंडिया या मालकवर्गाच्या संघटना असल्यामुळे त्या या तुलनेत धरलेल्या नाहीत.

कॅमेरा, ध्वनी, संकलन, रंगभूषा किंवा सेटची उभारणी यांपैकी कोणत्याही कामात असणाऱ्याच्या दृष्टीने फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉइज ही १९५६ मध्ये स्थापन झालेली शिखर संघटना सर्वांत वजनदार आहे. तिचे सभासदत्व थेट मिळत नाही. आपापल्या कामाच्या युनियनमध्ये प्रवेश घ्यावा लागतो आणि ती युनियन फेडरेशनशी संलग्न असते. या रचनेचे बळ काम बंद पाडण्याच्या क्षमतेत आहे, कारण एका विभागाचे गाऱ्हाणे इतर सर्व विभागांनी उचलून धरले, तर निर्मात्याला चित्रीकरण रेटता येत नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये वेतनाच्या वादातून हिंदी मालिकांचे चित्रीकरण थांबले, तेव्हा वाहिन्यांना जुने भाग पुन्हा दाखवण्याची वेळ आली होती.

याच बळाची दुसरी बाजूही सभासद होणाऱ्याने जाणून घ्यावी. रंगभूषाकारांच्या संघटनेने स्त्रियांना केशभूषेपुरते मर्यादित ठेवून रंगभूषाकार म्हणून प्रवेश नाकारला होता. हा भेदभाव आणि महाराष्ट्रात पाच वर्षे वास्तव्य असण्याची अट, या दोन्ही गोष्टी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१४ मध्ये रंगभूषाकार चारू खुराना यांच्या प्रकरणात बेकायदा ठरवल्या. बेळगाव, इंदूर किंवा गोव्याहून येणाऱ्या मराठी तंत्रज्ञाला वास्तव्याची अट आजही कोणी सांगितली, तर या निकालाचा हवाला द्यावा. पुढे २०१७ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने, सभासद नसलेल्यांना काम देऊ नये हा आग्रह आणि त्यासाठी सेटवर होणारी तपासणी स्पर्धाविरोधी असल्याचे म्हटले. तरीही कार्ड असलेल्याला काम मिळवणे सोपे जाते ही वस्तुस्थिती आहे, आणि तंत्रज्ञाने ते घ्यावे असेच मी सुचवेन.

अभिनेत्यांसाठी सिने अँड टीव्ही आर्टिस्ट्स असोसिएशन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली सिंटा, हा स्वाभाविक पर्याय आहे. (गर्दीच्या दृश्यांत उभे राहणाऱ्या ज्युनिअर आर्टिस्टांची संघटना वेगळी आहे, या दोहोंत गल्लत करू नये.) मालिकांत काम केल्यापासून नव्वद दिवसांनी मानधन देण्याची रीत रूढ आहे, त्यामुळे निर्मात्याने हात वर केले हे कळेपर्यंत कलाकाराचे तीन महिने गेलेले असतात आणि कधीकधी मालिकाही बंद झालेली असते. अशा वेळी तक्रारीची भिस्त कागदावर असते. किती दिवस काम केले, कॉल टाइम (सेटवर हजर राहण्याची वेळ) काय होता, पॅकअप (दिवसाचे चित्रीकरण संपणे) केव्हा झाले आणि प्रतिदिन दर किती ठरला, याची सही असलेली नोंद स्वतःजवळ असेल, तर संघटनेला काही करता येते. कास्टिंग को-ऑर्डिनेटरच्या तोंडी शब्दावर काम केले असेल, तर सिंटाचे कार्ड खिशात असूनही हाती फारसे लागत नाही. २०२० च्या टाळेबंदीनंतर चित्रीकरण पुन्हा सुरू करताना सिंटा आणि फेडरेशन यांनी निर्मात्यांसमोर विम्याचा प्रश्न लावून धरला होता. एकेकट्या कलाकाराला ते साधले नसते.

लेखकांच्या बाबतीत माझे मत सर्वांत ठाम आहे. स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये पहिले काम मिळण्याची वाट न पाहता प्रवेश घ्यावा. तिची नोंदणी १९६० मध्ये कामगार संघटना कायद्याखाली झाली. काम अद्याप पडद्यावर न आलेल्या लेखकालाही तिथे प्रवेश मिळतो आणि संहितेची नोंदणी ऑनलाइन होते. नोंदणीने स्वामित्वहक्क निर्माण होत नाही, तो लिहिता क्षणीच मिळालेला असतो. परंतु अमुक तारखेला अमुक मजकूर आपल्याकडे होता, याचा पुरावा मिळतो. म्हणून वाहिनीच्या बैठकीला जाण्यापूर्वी, एकपानी कथासूत्राचीही नोंदणी करावी. संघटनेची वाद निवारण समिती श्रेय आणि मानधनाचे तंटे ऐकते. स्वामित्वहक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने लेखकाचा रॉयल्टीचा हक्क निर्मात्याच्या नावे सोडून देता येत नाही. करारात तसे कलम दिसले, तर सही करण्यापूर्वी ते संघटनेला दाखवावे.

अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाचे स्वरूप या तिघांहून निराळे आहे. कोल्हापुरात मुख्यालय असलेल्या या संस्थेत निर्माते, दिग्दर्शक, कलावंत आणि तंत्रज्ञ एकाच छताखाली येतात. चित्रपटाचे शीर्षक किंवा बॅनर नोंदवणे, मराठी व्यवसायात ओळख मिळवणे आणि शासनदरबारी मराठी चित्रपटाची बाजू मांडणे यासाठी ती उपयोगी आहे. मात्र निर्माताच जिथे मतदार आणि उमेदवारही असतो, तिथून थकलेल्या रोजंदारीची वसुली होईल अशी अपेक्षा बाळगणे व्यवहार्य नाही. कोल्हापूर किंवा साताऱ्यात राहून मराठी मालिकांतच काम करणाऱ्याने महामंडळाचे सभासदत्व जरूर घ्यावे, पण कामगार युनियनच्या जागी नव्हे, तिच्या जोडीला.

रेडिओची स्थिती याहून विरळ आहे. खासगी एफएमचा निवेदक कंपनीशी वैयक्तिक कराराने बांधलेला असतो आणि सर्व केंद्रांना लागू होईल असा सामूहिक वेतनकरार त्याच्या पाठीशी नसतो. आकाशवाणीचे नैमित्तिक निवेदक महिन्याला मोजक्याच ड्युट्यांवर काम करतात आणि त्यांचे नियमित होण्याचे लढे प्रामुख्याने न्यायालयांतून चालत आले आहेत. निवेदनाबरोबर डबिंग किंवा जाहिरातींना आवाज देणाऱ्यांना मुंबईतील असोसिएशन ऑफ व्हॉइस आर्टिस्ट्स अधिक जवळची आहे, कारण तिथे दर आणि कामाच्या अटी यांवर आवाजाच्या कामापुरता विचार होतो.

दोन संघटनांत अडकलेल्याने, उदाहरणार्थ लिहिणाऱ्या अभिनेत्याने, ज्या कामाचे पैसे बुडण्याचा धोका अधिक, त्या कामाची संघटना आधी निवडावी. प्रवेश शुल्काची पावती घेताना निर्मात्यांशी झालेल्या शेवटच्या दरकराराची प्रत मागावी. तिची मुदत संपलेली असेल, तर नवा करार कुठवर आला आहे हे कार्यालयातच विचारावे.