माझी सही खंय आसा?

आमचा बँड चौघांचा, कुडाळचा. मी कीबोर्ड वाजवतो, एक जण गिटार, एक ऑक्टोपॅड, आणि गाणारा पोरगा मूळचा भजनातला. लग्नात नाहीतर जत्रेच्या स्टेजवर स्वतःचं गाणं सुरू केलं की मागून हाक येतेच, "नाचूचा लाव रे!" डबलबारीचे, म्हणजे दोन बुवांमध्ये रंगणाऱ्या भजनाच्या सामन्याचे, बुवा मात्र स्वतःच्या रचना घेऊन गावोगाव जातात आणि माणसं पहाटेपर्यंत हलत नाहीत. म्हणजे नवं ऐकणारे इथे आहेत, फक्त आमच्यापर्यंत यायचे होते. तेवढं थांबायचा धीर आम्हाला नव्हता.

मे २०२५ मध्ये चाकरमान्यांवर एक मालवणी गाणं केलं. शब्द गिटारवाल्याच्या काकांचे, चाल आमची, रेकॉर्डिंगचे १८ हजार आमच्याच खिशातले. गणपती २७ ऑगस्टला होते, त्याआधी ते बाहेर पडायला हवं होतं. इन्स्टाग्रामवर एक तुकडा टाकला आणि तिसऱ्या दिवशी मुंबईहून फोन आला. कुठल्याशा म्युझिक लेबलचा माणूस. आम्हाला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी 'सर' म्हणत होतं.

तो सगळंच खोटं बोलला असता तर आम्ही सावध झालो असतो. पण तो म्हणाला, "वर्षभरात १००० वेळा वाजलं नाही तर स्पॉटिफाय त्या गाण्याचे पैसे देत नाही." हे खरं आहे, २०२४ पासून तसा नियम आहे. आम्ही शोधून पाहिलं, पटलं, आणि त्याच्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास बसला. प्रमोशनचे ३५ हजार मागितले. यूपीआयवर नाव आलं ते कंपनीचं नव्हतं, कुठल्या तरी बाईचं होतं. "अकाउंट्सच्या मॅडम आहेत," म्हणाला. गेले पैसे.

करार संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर आला. इंग्रजीत, सहा पानं, पहिलं पान ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरचं. "सकाळी दहाला स्लॉट बंद होतो." स्टॅम्प बघून आम्हाला सरकारी कागद बघितल्यासारखं वाटलं. स्टॅम्प पेपरवर काहीही छापता येतं हे तेव्हा सुचलं नाही. रात्री प्रिंट काढून सह्या केल्या आणि कुरिअरने पाठवून दिला. चौथ्या पानावर गाण्याचे सगळे हक्क, सगळ्या माध्यमांत, जगभर, कायमचे त्यांना दिल्याचं लिहिलं होतं. ते आम्ही सप्टेंबरात वाचलं.

गाणं आलं आणि आठवड्यात ४० हजारांवर गेलं. आम्ही पेढे वाटले, खोटं कशाला सांगू? मग ऑक्टोपॅडवाल्याने श्रोते कुठले ते उघडून पाहिलं. सगळ्यात जास्त हेलसिंकीचे. कुडाळचे अकरा. विकतचे प्ले होते ते. असले प्ले पकडले जातात आणि भोगतो तो गाणारा; ऐन चतुर्थीच्या तोंडावर गाणं अ‍ॅपवरून काढलं गेलं. दुसरीकडे आमच्याच यूट्यूब चॅनलवरच्या आमच्याच व्हिडिओवर कॉपीराइटचा दावा येऊन बसला. चाकरमानी रील्स करत होते, घराघरांत गाणं वाजत होतं, आणि जे काही मिळणार ते त्या लेबलला. फोन केला तर, "सर, अ‍ॅग्रीमेंट बघा." नंतर फोनच बंद.

काकांना हे सांगायची आमची हिंमत होत नव्हती. सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा लावला, सहाही पानं उलटली आणि विचारलं, "ह्यात माझी सही खंय आसा?"

नव्हती. आम्ही त्यांना विचारलंच नव्हतं. ओरोसच्या कोर्टात वकिली करणाऱ्या ताईंनी तोच धागा पकडला. कॉपीराइट कायदा १९५७ चा. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी लागतो आणि देणाऱ्याची सही लागते. शब्दांचे मालक काका, म्हणजे शब्द गेलेच नव्हते. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला आपला अर्धा वाटा असा लिहून देऊनही टाकता येत नाही. वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच, म्हणजे गीतकार-संगीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेलाच, देता येतो. करारात मुदत लिहिलेली नसती तर ती पाच वर्षंच धरली गेली असती. म्हणून तर लेबलवाल्यांनी 'कायमचे' हा शब्द न विसरता घातला होता.

काकांच्या नावाने नोटीस गेली, यूट्यूबवरही हरकत घेतली. दावा करणाऱ्याला उत्तर द्यायला तिथे ३० दिवस असतात. त्यांनी उत्तर दिलं नाही, दावा सुटला. ३५ हजारांसाठी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पण पैसे आम्हीच पाठवलेले, करारही आमच्याच सह्यांचा, त्यामुळे ते घोंगडं अजून भिजत पडलंय. आमच्या चालीचा प्रश्नही सुटलेला नाही.

गाणं अ‍ॅपवर घालणाऱ्या साध्या वितरक सेवा असतात, हेही नंतर कळलं. वर्षाची ठरावीक फी भरायची, मालकी आपल्याकडेच राहते. ३५ हजारांच्या जवळपासही ती फी नाही. आता दुसरं गाणं तयार आहे. रेकॉर्डिंगच्या आधीच एका कागदावर मराठीत लिहिलं, शब्द कोणाचे, चाल कोणाची, कोणाला किती. काकांनी तो दोनदा वाचला, एक शुद्धलेखनाची चूक काढली आणि पहिली सही केली.