दगडावर लावलेली छोटी पाणवनस्पती: आठ-नऊ महिन्यांनंतर कोण टिकलं

टाकी दोन फुटी. साधा एलईडी, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नाही, पाणी पुण्यातल्या बोअरचं, म्हणजे चांगलंच जड. आत गप्पी आणि चेरी श्रिंप. अशा टाकीत दगडावर काय लावावं, एवढ्यापुरताच हा अनुभव.

आधी दगड. आपला काळा बेसाल्ट उत्तम, पण त्याच्या पोकळ्यांत पांढरे खडे असतील तर त्यावर व्हिनेगर टाकून बघा. फेस आला तर तो कॅल्साइट, पाणी आणखी जड करणार. गुळगुळीत गोट्यावर मुळं लवकर धरत नाहीत; खडबडीत, भोकांचा दगड घ्यावा. जांभा दिसतो छान, मुळंही पटकन धरतो, पण बरेच दिवस लाल भुकटी सोडतो. बादलीत भिजत ठेवून पाणी बदलत राहायची तयारी असेल तरच घ्या.

चिकटवायला फेविक्विक पुरतं. ते सायनोअ‍ॅक्रिलेटच, ओलाव्याने लगेच घट्ट होतं आणि मग माशांना त्रास देत नाही. पांढरा डाग राहतो, तो पुढे मुळांखाली झाकला जातो. गोंद आडव्या खोडाला एक-दोन ठिकाणी टेकवायचा, सगळीकडे थापायचा नाही. आणि अ‍ॅन्युबियास असो वा जावा फर्न, दोन्ही आडव्या खोडाच्या वनस्पती, ते खोड वाळूत पुरायचं नाही. पुरलं की कुजतं.

आता खरा विषय. अ‍ॅन्युबियास नाना पेटीटला माझे पूर्ण गुण. मूळ पश्चिम आफ्रिकेतलं हे कूळ, पेटीट हा त्यातला बुटका प्रकार, पान नखाएवढं. वाढ इतकी संथ की महिन्याला एखादं पान आलं तरी खूश व्हायचं. म्हणूनच कात्री लागत नाही, दगडाचा आकार झाकला जात नाही. तोटा एकच: पानं जुनी होईपर्यंत टिकतात, त्यामुळे उजेड जास्त झाला की त्यांच्यावर हिरवे ठिपके आणि काळं केसाळ शेवाळ बसतं. दिवा सहा-सात तासांवर आणला आणि दगड लाकडाच्या सावलीत सरकवला, तेव्हापासून नवी पानं स्वच्छ आहेत. विकत घेताना खोड दाबून बघा. मऊ लागलं, वास आला, तर दुकानदार कितीही स्वस्तात देवो, नको.

ब्युस, म्हणजे बुसेफॅलँड्रा. बोर्निओच्या वाहत्या ओढ्यांत खडकांना धरून वाढणारी ही वनस्पती. पानावर निळसर झाक, वर पांढरे बारीक ठिपके. सौंदर्यात पेटीट तिच्यापुढे साधीच. पण रोपवाटिकेत बहुधा पाण्याबाहेर वाढवलेली असते, म्हणून टाकीत आल्यावर पानं वितळतात. अर्धी गळली तरी खोड टणक असेल तर दगड हलवू नका, परत फुटते. माझ्याकडे फिल्टरच्या प्रवाहासमोर ठेवलेली जोमात आली, कोपऱ्यातली अजून रुसलेलीच आहे. किंमत पाहता पहिली खरेदी म्हणून मी सुचवणार नाही. जंगलातून ओरबाडून आणलेली घेण्यापेक्षा टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली घ्यावी; तिच्याबरोबर गोगलगायींची अंडीही येत नाहीत.

जावा फर्न मजबूत, पण छोट्या दगडासाठी नव्हे. साधी जात हात हात वाढते. नॅरो लीफ किंवा ट्रायडंट त्यातल्या त्यात आवरता येते. पानाखाली काळे ठिपके दिसले की नवखे रोग समजून पान तोडतात. ते बीजाणूंचे पुंजके असतात, राहू द्या. जुन्या पानांवर बाळरोपं फुटतात, तीच पुढच्या दगडावर लावायची, फुकटात.

मॉस, म्हणजे बारीक पानांची शेवाळासारखी दिसणारी वनस्पती, मात्र मला बेताचीच आवडते. ख्रिसमस मॉस दोऱ्याने बांधलं, दिसलं सुरेख, आणि मग माशांची घाण, उरलेलं खाणं सगळं त्यात अडकू लागलं. दर आठवड्याला छाटणी, दर आठवड्याला घाण ओढायला नळी फिरवायची. एप्रिल-मेमध्ये पाणी तिशीच्या वर गेलं तेव्हा ते तपकिरी पडलं, शेजारच्या पेटीटला काही फरक पडला नाही. श्रिंपची पिल्लं लपायला मॉससारखी जागा नाही हे खरं, म्हणून एका दगडावर ठेवलंय, बाकीचं काढलं.

मोन्टे कार्लो, म्हणजे बारीक पानांची पसरणारी वनस्पती, दगडावर चिकटवून मिळते, फोटोत हिरवी गादी दिसते. सिलिंडर नसलेल्या टाकीत ते पिवळं पडून विरळ झालं. सिलिंडर असणाऱ्यांचा अनुभव वेगळा असेल.

गोल्डफिश पाळणाऱ्यांनी मॉस, मोन्टे कार्लो यांच्या नादी न लागता थेट अ‍ॅन्युबियास किंवा जावा फर्न घ्यावं. त्यांची चिवट पानं गोल्डफिश सहसा खात नाहीत, फार तर उपटून बघतात. गोंद वाळून मुळं दगडाला धरेपर्यंत तेवढं लक्ष ठेवायचं.