चार नामांकित बाटल्या आणि एक तांबडा रस्सा

निकाल आधीच सांगतो, म्हणजे ज्याला फक्त बाटली घ्यायची आहे त्याला शेवटपर्यंत वाचत बसायला नको. नुसती वाईन म्हणून चौघांत सरस ठरली ती फ्रातेल्लीची लाल सेत्ते. तांबड्या रश्शाबरोबर पहिली आली ती चौघांतली सगळ्यांत स्वस्त, सुलाची पांढरी शेनिन ब्लाँ. पांढऱ्या रश्शाला फसफसणाऱ्या चांदोन ब्रूटशिवाय दुसरं नाव सुचत नाही. ग्रोव्हर झाम्पाची ला रिझर्व्ह चांगली लाल वाईन आहे, पण कोल्हापुरी ताटावर तिला जागा शोधून द्यावी लागते.

चारही नावं मोठी आहेत. नाव वाचलं की जीभ आधीच मान डोलवते, म्हणून बाटल्या झाकूनच चाखायच्या. वर्तमानपत्र गुंडाळून भागत नाही. खांदे असलेली, फ्रान्सच्या बोर्दो प्रांताच्या पद्धतीची बाटली आणि उतरत्या मानेची बाटली कागदातूनही ओळखू येते, आणि झाकण फिरकीचं की बुचाचं हे उघडतानाच कळतं. त्यामुळे एकाने दुसऱ्या खोलीत बाटली उघडावी, वाईन साध्या काचेच्या जगमध्ये ओतावी आणि जगला आकडा द्यावा. फसफसणारी वाईन मात्र जगमध्ये ओतली की तिचा जीवच जातो. ती थेट ग्लासात भरून बाहेर आणावी.

ग्लास कमळाच्या कळीसारखा हवा, तळाशी रुंद आणि तोंडाशी मिटत आलेला. चाखण्याचा प्रमाणित आयएसओ ग्लास साधारण २१५ मिलीचा असतो आणि त्यात ५० मिलीच ओततात. म्हणजे ७५० मिलीच्या एका बाटलीत पंधरा जणांचं चाखणं होतं. घरातल्या ग्लासांचा खरा त्रास वेगळाच आहे. कपाटात पालथे ठेवलेले ग्लास लाकडाचा, मसाल्याच्या डब्यांचा आणि भांड्यांच्या साबणाचा वास धरून ठेवतात. चाखण्याआधी अर्धा तास गरम पाण्याने नुसते विसळून उपडे न ठेवता हवेवर सुकू द्यावेत, आणि ओतण्याआधी रिकामा ग्लास हुंगून बघावा. त्या खोलीत उदबत्ती नको, अत्तर नको, आणि शेजारच्या स्वयंपाकघरात कांदा-लसूण मसाला परतायला घेतला असेल तर चाखणं तासभर पुढे ढकला. दोन वाईनच्या मध्ये तोंड साफ करायला बिनमिठाची ज्वारीची भाकरी आणि साधं पाणी पुरतं. खारी बिस्किटं टाळा. मीठ टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या सालीतून येणाऱ्या द्रव्याचा, तुरटपणा दाबतं आणि कच्ची लाल वाईनही गुळगुळीत वाटायला लागते.

आता तापमान, कारण कोल्हापुरात निम्मा घोळ इथेच होतो. लाल वाईन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हे वाक्य युरोपातल्या गार दगडी घरांत जन्मलं. एप्रिल-मेमध्ये आपल्या खोलीत ३० ते ३२ अंश असतात. त्या तापमानाला अल्कोहोल आधी नाकात शिरतं, फळाचा वास मागे राहतो आणि चांगली वाईनसुद्धा औषधासारखी लागते. सेत्ते आणि ला रिझर्व्ह १६ ते १८ अंशांना हव्यात, शेनिन ८ ते १० ला, चांदोन ६ ते ८ ला. ३२ अंशांची लाल बाटली साध्या फ्रीजमध्ये साधारण दीड तास ठेवावी लागते. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ घाला, दहा-बारा मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात बाटली नीट गार होत नाही, कारण खड्यांच्या मध्ये हवा राहते. फ्रीझरमध्ये ठेवून विसरलात तर बूच बाहेर येतं, आणि फसफसणारी बाटली फुटूही शकते. शंका असेल तर स्वयंपाकाचा थर्मामीटर ग्लासात बुडवून बघा.

गुण वीसपैकी दिले: रंगाला ३, वासाला ७, चवीला ८, एकंदर मेळाला २. शंभर गुणांची पद्धत जास्त प्रसिद्ध आहे, पण ती ५० पासूनच सुरू होते आणि बहुतेक बाटल्या ८५ ते ९२ च्या पट्ट्यात येऊन बसतात. घरगुती चाखण्यात वीस गुणांत फरक लवकर दिसतो. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून कडेचा रंग बघायचा. लाल वाईनची कड जांभळी असेल तर ती कोवळी, विटकरी असेल तर वय झालेली. आधी ग्लास न हलवता वास घ्यायचा, मग घोळवून पुन्हा. दहा-पंधरा मिलीचा घोट तोंडात सात-आठ सेकंद फिरवायचा, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढायची आणि थुंकायचं. थुंकणं इथे शिष्टाचाराचाच भाग आहे, त्यासाठी प्रत्येकाजवळ उभट भांडं ठेवा. मग चव किती सेकंद रेंगाळते ते मोजायचं.

चांदोन ब्रूट दिंडोरीत तयार होते, मोएत हेनेसी या फ्रेंच कंपनीने उभारलेल्या वायनरीत. शेनिन ब्लाँ, शार्डोने आणि पिनो नुआर ही द्राक्षं. दुसरं आंबवणं बाटलीतच होतं, शँपेनला वापरतात त्याच पारंपरिक पद्धतीने, म्हणून बुडबुडे बारीक आणि सलग चढतात. हिरवं सफरचंद, लिंबाची साल आणि मागे पावाच्या कडेचा हलका वास. १६ गुण. ब्रूट म्हणजे लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर, त्यामुळे गोड सरबताची अपेक्षा ठेवून उघडणाऱ्याची निराशा होईल. उघडताना तारेचा पिळ सहा अर्ध्या वेढ्यांत सुटतो. तेवढा वेळ आणि नंतरही अंगठा बुचावरून काढायचा नाही, कारण आत पाच-सहा वातावरणांचा दाब असतो. बाटली तिरकी धरा, बूच घट्ट पकडा आणि बाटली फिरवा. मोठा आवाज झाला तर समजा की वायू आणि वाईन दोन्ही वाया गेलं. हळू उसासा यायला हवा.

सुलाची शेनिन ब्लाँ जिभेला किंचित गोड लागते आणि तिचा सगळा फायदा त्या गोडीतच आहे. शेनिन मूळची फ्रान्सच्या लोआर खोऱ्यातली. आंबटपणा टिकवून धरणारं हे द्राक्ष नाशिकच्या हवेत चांगलं रुजलं आहे. पेरू, अननस, थोडं मध. नुसती प्यायली तर लवकर संपते, चार-पाच सेकंदांत चव विरते, म्हणून साडेचौदाच गुण. ही ठेवून पिकवायची वाईन नव्हे. लेबलवरचं साल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर बाटली परत फडताळावर ठेवा.

सेत्तेबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. फ्रातेल्लीचे मळे अकलूजच्या परिसरात, सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे चौघांत आपल्याला सर्वांत जवळचे. इटलीचे सेच्ची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा तीन घरांतल्या सात भावांचा हा उद्योग. इटालियन भाषेत फ्रातेल्ली म्हणजे भाऊ आणि सेत्ते म्हणजे सात. वाईन घडवली ती इटलीतल्या तोस्काना प्रांताच्या पिएरो मासी यांनी, आणि मिश्रणही तिकडच्याच वळणाचं: सांजोवेझे आणि काबर्ने सोविन्यों ही द्राक्षं. ही जोडी जगाला ठाऊक झाली ती मुख्यतः अंतिनोरी घराण्याच्या तिन्यानेल्लो या वाईनमुळे, जिचं पहिलं साल १९७१ होतं. सांजोवेझेकडून आंबटपणा आणि आंबट चेरीचा वास येतो, काबर्नेकडून रंग, भरीवपणा आणि काळ्या मनुकांची छटा. लाकडी पिंपातला मुक्काम लवंग आणि तंबाखूच्या पानासारख्या वासातून कळतो. उघडल्याबरोबर ही वाईन घट्ट मूठ धरून बसते. जगमध्ये ओतून पाऊण तास ठेवल्यावर तुरटपणा मऊ होतो आणि चेरी पुढे येते. हा पाऊण तास दिला नाही तर एक-दीड गुण कमी पडतो. १७ गुण, आणि चव बारा सेकंदांपुढे टिकते. एकच तक्रार आहे: लाकूड अजून थोडं मागे असतं तर द्राक्षाचा आवाज अधिक स्वच्छ ऐकू आला असता.

ला रिझर्व्ह बेंगळुरूजवळच्या नंदी हिल्सची, काबर्ने आणि शिराझ या द्राक्षांची. बोर्दोचे प्रसिद्ध वाईन-सल्लागार मिशेल रोलाँ यांचा हात या घराला वर्षानुवर्षं लाभला. पिकलेलं जांभूळ, काळी मिरी, ढोबळी मिरचीचा हिरवा वास आणि व्हॅनिला. साडेपंधरा गुण. हिरवा वास काबर्नेचाच, तो दोष नाही, पण ज्याला आवडत नाही त्याला तो सारखा खुपत राहतो.

दुसरी फेरी जेवणाबरोबर घेतली की गुणांची उतरंड उलटी होते. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या उष्णता ओळखणाऱ्या संवेदकांना चेतवतं, आणि अल्कोहोल तेच संवेदक आणखी हळवे करतं. म्हणून तांबड्या रश्शाच्या भुरक्यानंतर साडेतेरा-चौदा टक्क्यांची लाल वाईन घेतली की तोंडात आगीवर तेल पडतं. त्यात टॅनिन लाळेतली प्रथिनं बांधून तोंड कोरडं करतं. सेत्तेची सगळी नजाकत इथे हरवते, उरतो आंबटपणा आणि चटका. शेनिनची किंचित साखर आणि गारवा हाच चटका खाली आणतात, आंबटपणा तेलाचा तवंग कापतो आणि पुढच्या घासाला तोंड तयार होतं. मात्र ती ८ अंशांनाच हवी. ग्लास टेबलावर पंधरा मिनिटं राहिला की गोडी चिकट वाटायला लागते, म्हणून थोडी थोडी ओता.

पांढरा रस्सा हा वेगळाच प्राणी. अळणीवर, म्हणजे मटणाच्या पातळ सूपवर, नारळाचं दूध, काजू, खसखस, पांढरी मिरी, वेलदोडा. तिखट कमी, स्निग्धता जास्त. चांदोनचे बुडबुडे ती स्निग्धता झाडून काढतात आणि तिच्यातला पावाचा वास खसखशीशी जुळतो. तीच चांदोन तांबड्याबरोबर घेऊ नका, बुडबुडे मिरचीने सोललेल्या जिभेला टोचतात. सेत्तेला न्याय मिळतो तो सुक्या मटणाबरोबर, पण मसाला निम्मा आणि चरबीचा तुकडा चांगला खरपूस असेल तरच. प्रथिनं आणि चरबी टॅनिनला गुंतवून ठेवतात. ला रिझर्व्ह मिरी लावून भाजलेल्या मटणाच्या चापांबरोबर छान लागते, खर्डा मात्र ताटातून बाजूला काढा.

खरेदी करताना नावापेक्षा बाटलीचा प्रवास बघा. भारतात द्राक्षं पावसाळा टाळून साधारण जानेवारी ते मार्चमध्ये काढतात, युरोपात सप्टेंबरच्या आसपास. त्यामुळे एकाच सालाची भारतीय बाटली युरोपीय बाटलीपेक्षा सहाएक महिन्यांनी मोठी असते आणि तिने एखादा उन्हाळा जास्त काढलेला असतो. बंद ट्रकमध्ये किंवा दुकानाच्या उन्हातल्या काचेमागे तापलेली बाटली ओळखता येते. बूच कडेपेक्षा वर सरकलेलं, फॉइल बोटाने फिरत नाही कारण खाली वाईन झिरपून चिकटली आहे, गळ्यातली पातळी खाली गेलेली. अशा बाटलीत ताज्या फळाऐवजी शिजवलेल्या मनुकांचा वास येतो आणि कितीही गार केली तरी तो जात नाही. उभ्या फडताळातली पहिली बाटली सोडा, आतल्या खोक्यातली मागा.

घरी आल्यावर काही वास ओळखता यायला हवेत. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा भिजलेल्या पोत्याचा वास म्हणजे बुचातून आलेलं टीसीए हे रसायन. लिटरमागे काही नॅनोग्रॅम पुरतात, आणि हवा दिल्याने तो वाढतो. ही बाटली दुकानात परत न्या, पण उघडल्याबरोबर, निम्मी पिऊन नव्हे. नखांच्या पॉलिशचा वास किंवा व्हिनेगरचा झणका असेल तर जिवाणूंचं काम. पांढरी वाईन गडद सोनेरी होऊन कापून ठेवलेल्या सफरचंदासारखी लागली तर हवा आत गेली आहे. विझलेल्या काडीचा किंवा अंड्याचा वास मात्र घाबरण्यासारखा नाही. वाईन जगमध्ये चार वेळा ओता, बहुतेक वेळा निघून जातो. बुचाला किंवा तळाशी साखरेसारखे खडे दिसले तर ते टार्टारिक आम्लाचे क्षार, पूर्ण निरुपद्रवी. त्यासाठी दुकानदाराशी भांडू नका.

साठवणीला १२ ते १५ अंश आदर्श. वाईनचा वेगळा फ्रीज नसेल तर कोल्हापुरात लाल बाटली तळमजल्यावरच्या आतल्या खोलीत, पलंगाखाली, आडवी ठेवा, आणि मार्च उजाडला की साध्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात हलवा. गच्चीलगतच्या खोलीतलं लोखंडी कपाट ही सगळ्यांत वाईट जागा. उघडलेली सेत्ते बूच लावून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकते, आणि दुसऱ्या दिवशी ती पहिल्यापेक्षा मोकळी लागते हेही बघून ठेवा. चांदोनसाठी दाब धरणारं क्लिपचं झाकण घ्या, गळ्यात चमचा अडकवून काहीही होत नाही. शेनिन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपवा.